एका दगडावर दोन हुद्दे: जनरल कस्टरचं कोडं

माझा भाचा अमेरिकेत असतो. गेल्या उन्हाळ्यात यलोस्टोन बघून परतताना त्यानं मोंटानातल्या एका टेकडीशी गाडी थांबवली आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. वाळलेलं गवत, लोखंडी कुंपण, आत गुडघ्याएवढे पांढरे दगड. त्यातल्या एकाच दगडाचं तोंड काळं रंगवलेलं. खाली प्रश्न: ‘मामा, हा माणूस मेजर जनरल होता की लेफ्टनंट कर्नल? दगडावर दोन्ही लिहिलंय. कोरणाऱ्यानं घोळ घातला का?’

घोळ नाही. दगडावर ‘ब्रेव्हेट मेजर जनरल’ आहे, खाली ‘लेफ्टनंट कर्नल, सातवं घोडदळ’ आहे आणि 25 जून 1876 ही तारीख आहे. माणूस जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर, अमेरिकी घोडदळाचा अधिकारी, ह्याच टेकडीवरच्या लढाईत मेलेला. जग त्याला जनरल कस्टर म्हणतं. मेला त्या दिवशी मात्र तो पगार घेत होता लेफ्टनंट कर्नलचा, म्हणजे मेजर जनरलपेक्षा तीन पायऱ्या खालचा. आणि गंमत अशी, की त्याच्या तेरा वर्षं आधी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, तो खरोखरीच जनरल होता.

ग्रुपवर एका ओळीत सांगण्यासारखं हे नाही. शिवाय ह्या दोन हुद्द्यांमधलं अंतर कळलं, की कस्टरच्या कारकिर्दीतल्या बऱ्याच चमत्कारिक गोष्टींचा उलगडा होतो. म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

एक देश, दोन सैन्यं

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. गुलामगिरी टिकवायची म्हणून दक्षिणेची राज्यं फुटून निघाली आणि उत्तरेतलं सरकार त्यांना परत ओढायला निघालं. तेव्हा अमेरिकेचं कायमचं सैन्य होतं जेमतेम सोळा हजारांचं, तेही बरंचसं पश्चिमेच्या चौक्यांवर विखुरलेलं. एवढ्यानं काय होणार? लिंकननं राज्यांकडे माणसं मागितली आणि राज्याराज्यांनी आपापल्या रेजिमेंट उभ्या केल्या. ह्यांना ‘व्हॉलंटियर’ म्हणत. शब्दाचा अर्थ स्वयंसेवक असला तरी फुकट कुणी लढत नव्हतं. पगार होता, गणवेश होता. फरक इतकाच, की हे सैन्य युद्धापुरतं. युद्ध संपलं की बाडबिस्तरा गुंडाळून घरी.

म्हणजे एकाच वेळी दोन सैन्यं आणि अधिकाऱ्यांच्या दोन याद्या. कायमच्या सैन्यातल्या अधिकाऱ्याला व्हॉलंटियर सैन्यात कितीतरी मोठ्या हुद्द्यावर जाता यायचं, पण कायमच्या यादीतलं त्याचं मूळ पद जागच्या जागी राहायचं.

सरकारी नोकरी केलेल्याला हे सांगायला नको. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक प्रतिनियुक्तीवर कुठल्याशा प्रकल्पाचा समन्वयक होतो. गाडी मिळते, केबिन मिळते, मुख्याध्यापक उठून खुर्ची देतात. चार वर्षांनी प्रकल्प गुंडाळला जातो आणि साहेब पुन्हा पाचवी ‘ब’च्या फळ्यासमोर. कुणी शिक्षा केलेली नसते. मूळ पदच ते होतं. कस्टरचं जनरलपद ही अशीच एक प्रतिनियुक्ती होती.

आणि ब्रेव्हेट म्हणजे रावबहादूर

दगडावरचा पहिला शब्द ह्याहून वेगळा. त्या काळी अमेरिकी सैन्यात शौर्यपदकं जवळजवळ नव्हतीच. मेडल ऑफ ऑनर निघालं तेसुद्धा युद्ध सुरू झाल्यावर. मग पराक्रमी अधिकाऱ्याचं कौतुक कसं करायचं? तर त्याला वरच्या हुद्द्याचं नाव द्यायचं. कॅप्टनचा ‘ब्रेव्हेट मेजर’ व्हायचा. नाव मेजरचं, काम कॅप्टनचं आणि सहसा पगारही कॅप्टनचाच. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे रावसाहेब, रावबहादूर असे किताब मिळत. त्यानं कुणाची जमीन गुंठाभरही वाढली नाही, फक्त लग्नपत्रिकेतलं नाव लांबलं. ब्रेव्हेट हा त्याच जातीचा किताब. कोर्ट मार्शलवर बसताना किंवा वेगवेगळ्या तुकड्या एकत्र आल्या की क्वचित त्याचा उपयोग होई, आणि मग ‘मोठा कोण’ यावरून हमखास जुंपत असे.

युद्धाच्या शेवटी ह्या किताबांची खिरापत झाली. 13 मार्च 1865 ह्या एकाच तारखेचे ब्रेव्हेट शेकडो जणांना मिळाले. कस्टरचं ‘ब्रेव्हेट मेजर जनरल’ त्यातलंच. अखेर 1870 मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कायदा करावा लागला: कामावर गणवेश खऱ्या हुद्द्याचाच घालायचा, सरकारी कागदात उल्लेखही खऱ्या हुद्द्यानंच करायचा. पण लोकांच्या तोंडाला कायदा कसा लागू होणार? एकदा सरपंच झालेल्याला गाव मरेपर्यंत सरपंच म्हणतंच की.

चौतिसात चौतिसावा

कस्टर ओहायो राज्यातल्या न्यू रम्ली गावचा. जन्म 5 डिसेंबर 1839, बाप लोहार. 1857 मध्ये तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला. तिथे गैरवर्तनाचे दंडगुण मोजत. ह्या पठ्ठ्यानं चार वर्षांत 726 जमवले. उशीर, गबाळेपणा, खोड्या, असल्याच कारणांचे. जून 1861 मध्ये त्याच्या वर्गाची परीक्षा झाली तेव्हा 34 जणांत ह्याचा नंबर चौतिसावा. दक्षिणेकडची मुलं आधीच निघून गेली होती, म्हणजे उरलेल्यांत शेवटचा, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

बाहेर पडायच्या आधीच एक कोर्ट मार्शल झालं. पहाऱ्याचा अधिकारी असताना दोन कॅडेट हाणामारीवर आले, आणि ह्यानं ती थांबवायची सोडून चालू दिली. एरवी महाग पडलं असतं. पण सरकारला अधिकाऱ्यांची चणचण होती, तेव्हा नुसती समज देऊन सेकंड लेफ्टनंट म्हणून रवाना केलं.

पुढच्या वर्षी व्हर्जिनियात चिकाहोमिनी नदीशी सैन्य थबकलं होतं. पाणी किती खोल, कुणास ठाऊक. वरिष्ठ काठावर चर्चा करत असताना कस्टर सरळ पाण्यात शिरला आणि मधोमध जाऊन ‘एवढं’ म्हणून दाखवलं. त्या फौजेचा सेनापती मॅक्लेलन ह्याला हे आवडलं. त्यानं कस्टरला आपल्या हाताखाली घेतलं आणि कॅप्टन केलं. तीही तात्पुरती कॅप्टनकी. नोव्हेंबरात लिंकननं मॅक्लेलनला काढलं, आणि साहेबाबरोबर चेल्याचा हुद्दाही गेला. कस्टर पुन्हा लेफ्टनंट. उसना हुद्दा परत करायचा पहिला धडा तो इथे शिकला.

1863 च्या वसंतात त्यानं मिशिगनच्या गव्हर्नरकडे पाचव्या मिशिगन घोडदळाचं कर्नलपद मागितलं. गव्हर्नर रिपब्लिकन, म्हणजे लिंकनच्या पक्षाचा, आणि हा लिंकननं काढलेल्या मॅक्लेलनचा माणूस. नकार आला. महिन्याभरानं तीच रेजिमेंट आणखी तीन रेजिमेंटांसकट त्याच्या हाताखाली आली.

ते कसं काय?

त्यासाठी घोड्यांकडे वळायला हवं. मराठा फौजेतले दोन शब्द इथे कामाला येतात: शिलेदार आणि बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. अमेरिकी यादवीतले दक्षिणेचे स्वार शिलेदार होते. घोडा घरून आणायचा, सरकार त्याचे दिवसाला 40 सेंट द्यायचं, आणि घोडा मेला की रजा घेऊन दुसरा आणायला गावी जायचं. उत्तरेचे स्वार बारगीर. घोडा सरकारी, आणि स्वारांतले कितीतरी जण कालपरवापर्यंत कारकून किंवा दुकानदार. मांड टाकायचीच पंचाईत. पहिली दोन वर्षं दक्षिणेच्या शिलेदारांनी, विशेषतः जेब स्ट्युअर्टच्या स्वारांनी, उत्तरेच्या घोडदळाची अब्रू घालवली. पण लढाई लांबली तसं पारडं फिरलं. सरकारी पागेत घोडे येत राहिले, शिलेदारांचे घोडे मात्र मरत गेले आणि माणसं पायी झाली.

उणीव राहिली होती ती पुढाऱ्यांची. जून 1863 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली पेनसिल्व्हेनियात घुसला, आणि उत्तरेच्या घोडदळाचा प्रमुख प्लेझंटन ह्यानं वयस्कर मंडळींना वळसा घालून दोन कॅप्टन आणि एक लेफ्टनंट निवडले, आणि तिघांना एका फटक्यात व्हॉलंटियरांचे ब्रिगेडियर जनरल करून टाकलं. लेफ्टनंट म्हणजे कस्टर. तारीख 29 जून. वशिला म्हणा हवं तर. कस्टर प्लेझंटनच्याच हाताखाली काम करत होता. पण चौथ्याच दिवशी, 3 जुलैला, गेटिसबर्गच्या पूर्वेला स्ट्युअर्टचे स्वार चालून आले, तेव्हा हा पोरगा ‘चला रे वुल्व्हरिनांनो!’ म्हणत मिशिगनच्या रेजिमेंटच्या पुढे घोडा घालून धडकला आणि त्यांना अडवलं. वुल्व्हरिन हा मिशिगनच्या लोकांनी स्वतःला लावून घेतलेला एका चिवट रानटी प्राण्याचा किताब. तिघा नव्या जनरलांपैकी फार्न्सवर्थ त्याच दिवशी मारला गेला.

कपड्यांचा षोक तर विचारू नका. काळी मखमल, बाह्यांवर सोनेरी कशिदा, गळ्यात लाल रुमाल. हा माणूस वेड लागलेल्या सर्कशीतल्या घोडेस्वारासारखा दिसतो, असं एका अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय. पण धुरळ्यात सैनिकांना आपला जनरल कुठे आहे ते दिसायचं, आणि तो नेहमी पुढे दिसायचा. त्याच्या ब्रिगेडनं, म्हणजे त्या चार रेजिमेंटांनी, लाल रुमाल उचलला. ब्रिगेडची माणसंही भरपूर मेली, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू.

पुढच्या दोन वर्षांचं थोडक्यात सांगतो. मे 1864 मध्ये यलो टॅव्हर्नच्या लढाईत कस्टरच्या ब्रिगेडमधल्या एका स्वाराच्या गोळीनं स्ट्युअर्ट पडला. त्या वर्षाच्या शेवटी कस्टरकडे पूर्ण डिव्हिजन, म्हणजे एकाहून जास्त ब्रिगेड, होतं. 9 एप्रिल 1865 ला ली शरण आला. शरणागतीच्या अटी ज्या छोट्या मेजावर लिहिल्या, ते कस्टरचा वरिष्ठ जनरल शेरिडन ह्यानं घरमालकाला वीस डॉलर देऊन घेतलं आणि कस्टरची बायको लिबी हिला भेट पाठवलं. त्याच महिन्यात कस्टर व्हॉलंटियरांचा पूर्ण मेजर जनरल झाला. वय पंचवीस.

प्रकल्प गुंडाळला

1 फेब्रुवारी 1866 ला व्हॉलंटियर सैन्यातली त्याची नेमणूक संपली. कायमच्या यादीत नाव बघितलं, तर पाचव्या घोडदळात कॅप्टन. खांद्यावरचे मेजर जनरलचे दोन तारे उतरले, पगार उतरला. जुलैत काँग्रेसनं घोडदळाच्या सहाच्या दहा रेजिमेंट केल्या, आणि नव्या सातव्या रेजिमेंटमध्ये तो लेफ्टनंट कर्नल झाला.

इथे कुणी विचारेल: ही बढती की पदावनती? वरून बघितलं तर मेजर जनरलवरून घसरण, खालून बघितलं तर कॅप्टनवरून दोन पायऱ्यांची उडी. आणि सव्विसाव्या वर्षी ही उडी काही वाईट नव्हती.

वाईट होतं ते पुढचं. एका रेजिमेंटमध्ये कर्नल एक, लेफ्टनंट कर्नल एक, मेजर तीन, आणि कंपनीगणिक एक कॅप्टन. वरचा मेला, निवृत्त झाला किंवा बडतर्फ झाला तरच खालच्याला जागा. ठरावीक वयाला निवृत्त व्हायची सक्ती 1882 पर्यंत नव्हतीच. त्यात सैन्य आटत चाललं. 1874 मध्ये पंचवीस हजारांची मर्यादा आली. थोडक्यात, वरचे म्हातारे हलत नाहीत आणि खालचे चाळिशीतही कॅप्टनच.

सातव्या घोडदळाच्या जेवणाच्या टेबलाची कल्पना करा. कस्टर लेफ्टनंट कर्नल, पण सगळे म्हणणार जनरल. रीनो मेजर, पण हाक कर्नल. बेंटिन युद्धात लेफ्टनंट कर्नल होता, आता कॅप्टन, त्यालाही हाक कर्नल. कस्टरचा भाऊ टॉम ह्याच रेजिमेंटमध्ये. त्यानं एप्रिल 1865 च्या एका आठवड्यात दोन मेडल ऑफ ऑनर मिळवली होती, आणि इथे तो लेफ्टनंट म्हणून लागला. प्रत्येकाचं नाव कामापेक्षा मोठं. अशा ठिकाणी रुसवेफुगवे किती असतील ते मराठी माणसाला वेगळं सांगायची गरज नाही.

मग रेजिमेंट त्याच्या हातात कशी?

हा प्रश्न रास्त आहे. कर्नल दुसराच होता: आधी स्मिथ, मग स्टर्जिस. पण कर्नलांना बहुतेक वेळ दुसरीकडे कामाला लावलेलं असे, आणि मैदानात कस्टरच प्रभारी. शाळेला मुख्याध्यापक कागदावर असतात आणि शाळा प्रभारी चालवतो, तसं.

सुरुवात मात्र लाजिरवाणी झाली. 1867 च्या उन्हाळ्यात कॅन्ससच्या मोहिमेत सैनिक पळून जायला लागले. पळालेल्यांना गोळ्या घाला, असा हुकूम त्यानं चौकशीशिवाय दिला. मग आपली तुकडी मागे सोडून, थकलेली माणसं आणि घोडे दामटत, तो फोर्ट रायलीला लिबीला भेटायला गेला. कोर्ट मार्शल झालं आणि शिक्षा लागली: वर्षभर हुद्दा, हुकमत आणि पगार बंद. पोरपणीचं कोर्ट मार्शल खोडीचं होतं, हे तसं नव्हतं. माणसं मेली होती.

वर्ष पुरं व्हायच्या आतच शेरिडननं त्याला परत बोलावलं. शेरिडनला हिवाळ्यात हल्ले करणारा माणूस हवा होता. उन्हाळ्यात मैदानी जमाती घोड्यांवर कुठल्या कुठे निघून जात. हिवाळ्यात घोडी हडकुळी होत आणि वस्ती एका जागी राही.

वॉशिटाची पहाट

27 नोव्हेंबर 1868. आजच्या ओक्लाहोमातली वॉशिटा नदी, गुडघाभर बर्फ. काठावर शायेन जमातीची वस्ती, पुढारी ब्लॅक केटल. हा माणूस तह करणाऱ्यांपैकी. चार वर्षांपूर्वी सँड क्रीकला कोलोरॅडोच्या व्हॉलंटियरांनी त्याच्या वस्तीची कत्तल केली होती. त्यातून तो वाचला, आणि तरीही तहाचंच बोलत राहिला. हल्ल्याच्या काही दिवस आधी तो फोर्ट कॉबला जाऊन संरक्षण मागून आला होता. मिळालं नाही. त्याच्या वस्तीतल्या तरुणांपैकी काहींनी कॅन्ससमध्ये हल्ले केले होते, हेही खरं.

कस्टरनं रेजिमेंटचे चार भाग केले आणि उजाडताना चारही बाजूंनी घुसवले. बँडनं रेजिमेंटची धून धरली, पण थंडीनं वाद्यांत थुंकी गोठली आणि सूर मध्येच बंद पडला. ब्लॅक केटल आणि त्याची बायको नदीच्या पाण्यात मारले गेले. कस्टरनं कळवलं की 103 लढवय्ये मारले. शायेन लोकांच्या सांगण्यात लढवय्ये फार कमी आणि बायकापोरं बरीच. त्रेपन्न बायकामुलं कैद झाली. वस्तीची आठशेच्या वर घोडी गोळ्या घालून मारली, म्हणजे वाचलेल्यांना चालण्याशिवाय गत्यंतर नको.

ह्या पहाटेतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सैन्य विभागून वेगवेगळ्या बाजूंनी अचानक हल्ला, हा डाव यशस्वी झाला. दोन, कैदी बायकामुलं हातात असली की बाकीचे हात आवरतात, हे त्याला दिसलं. तीन, नदीच्या खालच्या अंगाला ह्याहून मोठ्या वस्त्या होत्या आणि हल्ला सुरू होईपर्यंत त्याला त्यांचा पत्ता नव्हता. तिथून लढवय्ये जमायला लागले तेव्हा त्यानं काढता पाय घेतला. पळणाऱ्यांच्या मागे गेलेला मेजर एलियट आणि वीसएक माणसं परतली नव्हती. त्यांचा पुरता शोध न घेताच रेजिमेंट निघाली. ते सगळे मेलेले सापडले. बेंटिननं ह्याबद्दल कस्टरला कधीच माफ केलं नाही.

सोनं, साक्ष आणि साहेबाचा राग

1868 च्या फोर्ट लॅरमी तहानं ब्लॅक हिल्सचा डोंगराळ भाग लाकोटांना दिला होता. लाकोटा म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक सू म्हणतात त्यांतले पश्चिमेकडचे. 1874 मध्ये कस्टर हजारएक माणसं आणि शंभरावर गाड्या घेऊन त्याच डोंगरांत गेला आणि तिथे सोनं असल्याची बातमी बाहेर आली. खाणवाल्यांची रीघ लागली. सरकारनं डोंगर विकत मागितले, लाकोटा देईनात. मग हुकूम निघाला: 31 जानेवारी 1876 पर्यंत सगळ्यांनी सरकारी वस्त्यांवर हजर व्हा, नाहीतर शत्रू समजू. भर हिवाळ्यात, पोराबाळांसकट.

मोहिमेची तयारी चालू असताना कस्टर वॉशिंग्टनला काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष देत होता. युद्धमंत्री बेल्कनॅपवर चौक्यांवरच्या दुकानांचे ठेके विकल्याचा आरोप होता. कस्टरनं मंत्र्याविरुद्ध सांगितलं, आणि बोलण्याच्या भरात राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या भावाचंही नाव घेतलं. बरंचसं ऐकीव होतं. ग्रँट भडकला आणि त्याला मोहिमेतून काढून टाकलं. जनरल टेरीनं रदबदली केली म्हणून, टेरीच्या हाताखाली, फक्त आपल्या रेजिमेंटपुरतं, त्याला जायला मिळालं. म्हणजे निघाला तोच अपमान गिळून.

25 जून

लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा, शायेन आणि त्यांचे सोबती एकत्र उतरले होते. सिटिंग बुल, क्रेझी हॉर्स, गॉल, टू मून्स असे पुढारी. वस्ती काही हजारांची. सकाळी उंच टेकाडावरून कस्टरच्या वाटाड्यांना दूरवर धूर आणि घोड्यांचा प्रचंड कळप दिसला. कस्टरला दुर्बिणीतूनही दिसेना. ह्या वाटाड्यांत बरेचसे अरिकारा जमातीचे, काही क्रो जमातीचे. ‘इंडियन’ म्हणून सगळ्यांना एकाच मापानं मोजू नये. क्रो आणि लाकोटा हाडवैरी होते, आणि ही जमीन आजही क्रो लोकांच्या राखीव भागातच आहे.

त्याचा बेत दुसऱ्या दिवशी पहाटे घाला घालायचा होता. पण वाटेत खेचरावरून बिस्किटांची एक पेटी पडली. ती आणायला गेलेल्या शिपायांना पेटीभोवती शत्रूचीच माणसं दिसली. आपण उघडे पडलो, आता वस्ती पांगणार, असं कस्टरला वाटलं. सैन्याची खरी भीती तीच होती: हे लोक लढतील ही नव्हे, निसटतील ही.

मग वॉशिटाचाच डाव. बारा कंपन्यांतल्या तीन रीनोला, तीन बेंटिनला, एक सामानाच्या खेचरांबरोबर, आणि पाच, म्हणजे दोनशेदहाच्या आसपास माणसं, स्वतःकडे. रीनो दक्षिणेकडून घुसला, मार खाऊन नदीपलीकडच्या कड्यावर पळाला. कस्टर उत्तरेकडे सरकत गेला. वाटेतून त्यानं बेंटिनला चिठ्ठी धाडली. तिचा मजकूर: ‘बेंटिन, या. मोठी वस्ती. घाई करा. गाठोडी आणा.’ खाली ताजा कलम: पुन्हा ‘गाठोडी आणा’, आणि ह्या खेपेला स्पेलिंग चुकलेलं. गाठोडी म्हणजे खेचरांवरचा दारूगोळा. चिठ्ठी नेणारा बिगुलवाला मार्तिनी नुकताच इटलीहून आलेला, इंग्रजी कच्चं. त्याच्यानंतर कस्टरबरोबर पुढे गेलेल्यांपैकी एकही सैनिक जिवंत परत आला नाही. बेंटिन आला तो रीनोपाशीच थांबला.

कस्टरबरोबर त्याचे दोन भाऊ, एक पुतण्या… नव्हे, भाचा, आणि एक मेहुणा त्याच दिवशी गेले. पुढे दारूच्या गुत्त्यांच्या भिंतींवर टांगलेल्या चित्रांत तो लांब केस भुरभुरवत तलवार उपसून उभा दिसतो. केस त्यानं निघायच्या आधीच बारीक कापले होते, आणि तलवारी सगळ्या रेजिमेंटनं मागच्या तळावर ठेवल्या होत्या.

बढतीच्या हव्यासानं घात केला का?

बरेच जण असं सांगतात. काहीजण पुढे जाऊन म्हणतात की त्याला राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं. ह्या दुसऱ्या गोष्टीला पुरावा फारच तोकडा आहे, ती मी सोडून देतो. पहिलीत थोडं तथ्य असावं. तेविसाव्या वर्षी तारा लागलेला, छत्तिसाव्या वर्षी ग्रँटच्या डोळ्यांत सललेला, वर जागा रिकामी नाही: अशा माणसाला एक ठळक विजय हवासा वाटणारच. त्यानं बरोबर येऊ पाहणारं दुसऱ्या घोडदळाचं पथक नाकारलं, भराभर गोळ्या झाडणाऱ्या गॅटलिंग तोफाही नाकारल्या. तोफा नाकारण्यात शहाणपण होतं, त्या डोंगरउतारांवर त्यांनी वाट अडवली असती. पथक नाकारण्याचं समर्थन करणं अवघड.

पण मला वाटतं, हव्यासापेक्षा सवय नडली. जो डाव एकदा लागला तोच त्यानं पुन्हा टाकला, आणि ह्या वेळी खालच्या अंगाची मोठी वस्ती सुरुवातीलाच समोर होती. शिवाय समोरच्यांनीही काही केलं, हे आपण विसरतो. आपली बायकामुलं वाचवायला ते उभे राहिले, आणि चांगले लढले. हरणाऱ्याच्या चुका मोजता मोजता जिंकणाऱ्याचं कसब हिशेबातून गळतं.

दगडाकडे परत

त्या दगडाखाली कस्टर नाही. 1877 मध्ये त्याला वेस्ट पॉइंटला पुरलं, जिथे तो शेवटचा आला होता. लिबी 1933 पर्यंत जगली आणि नवऱ्याची बाजू मांडणारी पुस्तकं लिहीत राहिली. ती हयात असेतो अनेकांनी तोंड उघडलं नाही. त्याच्या रेजिमेंटनं 29 डिसेंबर 1890 ला वुंडेड नीला लाकोटांची कत्तल केली. त्याबद्दल सैनिकांना दिलेली मेडल ऑफ ऑनर परत घ्यावीत ही मागणी अलीकडे पुन्हा बातम्यांत होती. 2025 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं ती कायम ठेवायचं ठरवलं. ब्लॅक हिल्स बेकायदा घेतल्याबद्दल 1980 मध्ये सुप्रीम कोर्टानं दहा कोटी डॉलरवर भरपाई मान्य केली. सू जमातींनी ती आजवर उचललेली नाही. त्यांना डोंगर हवेत.

रणभूमीला आधी कस्टरचं नाव होतं. 1991 मध्ये कायद्यानं ते काढून नदीचं नाव दिलं. आणि 1999 पासून तिथे आणखी दगड बसायला लागले, लाकोटा आणि शायेन लढवय्ये जिथे पडले तिथे. भाच्याच्या दुसऱ्या फोटोत त्यातला एक आहे, कुंपणाच्या बाहेर, उतारावर. लाल ग्रॅनाइटचा. त्यावर नाव आहे, जमात आहे, तारीख तीच आहे. हुद्दा नाही.